रेडर चार, पण कॉर्नर कोण?

“दादा, यंदा आपल्याकडे रेडर चार हायेत. टेन्शन कायले घेता?”

आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये सध्या कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. चार रेडर आहेत हे खरं आहे. एकाचा बोनस पक्का, एकाची किक भारी, बाकी दोघंही चपळ. तरी मला टेन्शन आहे. मागच्या वर्षीचा लेफ्ट कॉर्नर आणि दोन्ही कव्हर फायनल इयर संपवून बाहेर पडले. एक पोलीस भरतीच्या मागे लागला, एक पुण्याला कंपनीत गेला, एक गावी शेती बघतो. त्यांच्या जागी कोण उभं राहणार, हे अजून ठरलेलं नाही. अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या तरी ते ठरवायची कोणाला घाईही दिसत नाही.

परवा ट्रायल झाली. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडून पोट्टे आले होते. “काय खेळतोस?” असं विचारलं की जवळपास प्रत्येकाचं उत्तर एकच, “रेड मारतो.” एक धिप्पाड गडी होता. हाताची पकड अशी की मनगट धरलं तर सुटायचं नाव नाही. त्यालाही दोन चढाया करायला लावल्या. त्या जमल्या नाहीत, म्हणून त्याचं नाव यादीत खाली गेलं. कॉर्नरला उभं करून त्याची पकड बघावी, असं कोणाला सुचलं नाही. मलाही त्या वेळी सुचलं नाही, हे कबूल करतो.

थोडा हिशोब करू. सामना ४० मिनिटांचा, २० मिनिटांचे दोन डाव. एक चढाई आपली, एक त्यांची. प्रत्येक चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. म्हणजे जवळपास अर्धा सामना आपण बचावातच उभे असतो. मग सगळा सराव चढाईचा कशासाठी?

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. रेडर पकडला गेला की बाहेर बसतो. त्याला आत आणायचं तर आपल्या टीमनं समोरचा गडी बाद करावा लागतो. नुसत्या बोनस गुणानं कोणी आत येत नाही. म्हणजे आपला हिरो बाहेर असताना त्याला परत खेळवायची मोठी जबाबदारी कॉर्नर आणि कव्हरवर येते. मागच्या वर्षी आम्ही हरलो त्या सामन्यात शेवटची तीन मिनिटं आमचा सगळ्यात भारी रेडर बाहेर बसून होता. आत तीन जण होते. तिघांपेक्षा जास्त नसताना पकड केली तर सुपर टॅकल, म्हणजे एकदम दोन गुण. संधी समोर होती. पण एकानं घाईत घोटा धरायला सूर मारला, दुसऱ्यानं साथ दिली नाही, आणि रेडर दोघांना मारून गेला. नंतर सगळे म्हणाले, “रेडरचं नशीब खराब.” नशिबाचा काय संबंध? त्या तिघांनी एकत्र किती दिवस सराव केला होता, हे कोणी विचारलंच नाही.

चढाई एकट्याला शिकता येते. घरी अंगणात रेघ मारूनही फूटवर्क होतं. साखळीचं तसं नाही. कॉर्नर कधी झेपावणार हे शेजारच्या इनला कळलं पाहिजे, रेडर मध्ये वळला तर कव्हरनं कधी ब्लॉक टाकायचा हे ठरलेलं पाहिजे. हात हातात धरून महिना-दोन महिने एकमेकांच्या चुका सोसल्या की हे जमतं. ऐनवेळी चार चांगले गडी उभे करून साखळी होत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हा वेळ आणखी कमी मिळतो. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरअखेर सोंगणीला येतं. तेव्हा अर्धी टीम घरच्या वावरात असते. मजूर मिळत नाहीत, वरून पावसाची भीती. अशा वेळी कोणत्या तोंडानं म्हणायचं, “सोंगणी सोड अन् सरावाले ये”? जे येतात, त्यांनाही शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून ज्या दिवशी सगळे हजर असतात, त्या दिवसाचा वेळ साखळीला द्यायला हवा. चढाई जो तो आपल्या गावी घोटवू शकतो.

२०१४ पासून आपण प्रो कबड्डी टीव्हीवर बघतो. रील्स बनतात त्या रेडरच्या. पण २०१८ च्या लिलावात १ कोटीचा आकडा पहिल्यांदा कोणी गाठला? यू मुंबानं घेतलेल्या इराणच्या फजल अत्राचलीनं. तो लेफ्ट कॉर्नर. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणनं भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं. १९९० पासून सोडलं नव्हतं ते सुवर्ण तिथं गेलं. पुढे पुणेरी पलटणनं मोहम्मदरेझा शादलूई या कॉर्नरसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्याच हंगामात पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पैसे लावणाऱ्यांना जे कळतं, ते आपल्या ट्रायलमध्ये का कळू नये?

मागणी फार मोठी नाही. निवड करताना आधी दोन कॉर्नर आणि दोन कव्हर ठरवा, मग रेडर. ट्रायलमध्ये प्रत्येकाला जशा चढाया देता, तशा पकडीही करायला लावा. रोजचा पहिला अर्धा तास साखळीचा ठेवा, आणि तेव्हा रेडरनंही चेनमध्ये उभं राहावं. सरावाच्या वहीत चढाईच्या गुणांशेजारी पकडीचे गुण लिहा. मुलींच्या टीमलाही हेच लागू आहे.

आणि आपण जे रेघेबाहेर उभे राहून ओरडतो, त्यांनीही एक करावं. रेडर गुण घेऊन आला की त्याच्या नावानं मैदान डोक्यावर घेतो. पण त्याला आत आणणाऱ्या कॉर्नरचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

मी दोन वर्षं टीममध्ये राखीव रेडर आहे. पाचवा रेडर म्हणून बाहेर बसण्यात काही अर्थ नाही, हे आता कळलंय. काल सरांना जाऊन सांगितलं, “सर, मला कव्हरला उभं करा.” सर दोन क्षण बघत राहिले, मग म्हणाले, “उद्या सहाला ये. अन् तो मानोऱ्याकडचा पोट्टा कोण होता रे, पकडवाला? त्याले फोन लाव.”

फोन लावलाय. तो म्हणाला, “दोन एकर सोंगायचं राह्यलं, परवा येतो.”