उसाचा हंगाम आला. मागचा टायर रानाचा घ्यायचा की रस्त्याचा?

गळीत हंगाम तोंडावर आला की कऱ्हाड, वाळवा, पलूस भागात टायरच्या दुकानांपुढं ट्रॅक्टर लागतात. मागचा टायर कुठला घ्यायचा, यावरच घोळ असतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानातून भरलेली ट्रॉली ओढायला उंच, खोल नक्षी लागते. तीच नक्षी कारखान्यापर्यंतच्या डांबरावर भराभर झिजते. बुटक्या नक्षीचा टायर रस्त्याला टिकतो, पण ओल्या रानात जागीच फिरतो.

पळणं जास्त रस्त्यावर असलं, तरी ट्रॅक्टर रुततो रानातच. ओढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागला की त्या खेपेची कमाई गेली. म्हणून रानातून ऊस काढणाऱ्यानं खोल नक्षीच घ्यावी. उचल फेडायच्या घाईत भरल्या ट्रॉलीला जुना रिमोल्ड बसवणं मात्र जिवाशी खेळ आहे. टायरमध्ये पाणी भरलं की पकड वाढते, पण तेही पाऊण भागापर्यंतच. रानात हवा थोडी कमी चालते. रस्त्याला लागताना ती परत भरायची, हे बरेच जण विसरतात.

दोन ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचलली, तर जत्रेत शिट्ट्या पडतील. रस्त्यावर मात्र त्या वेळी स्टेअरिंग कामच करत नाही. पुढं वजनं लावावीत, नाहीतर एक ट्रॉली सोडावी.