शब्दांची भट्टी

रिठद येथे आम्ही एका तरुणाच्या मातीला गेलो होतो. प्रवचनात ‘अनंतकरुणासागर परमेश्वराच्या चिरंतन सान्निध्यात विलीन झालेला आत्मा’ असे आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो. विधी आटोपल्यावर त्याच्या आईने विचारले, “फादर, माहा पोरगा देवापाशी आहे ना?” तेवढेच सांगायचे होते, नेमके तेवढेच राहून गेले.

अशा शैलीला फ्रेंच भाषेत ‘आलांबिके’ असे विशेषण आहे. ‘आलांबिक’ म्हणजे अर्क काढण्याचे भांडे. शब्द अरबीतून आलेला, ‘अल्-अंबीक’. विचार नळीच्या वळणांतून असा फिरवायचा की वाफ पुष्कळ, तहानेल्याच्या ओंजळीत मात्र थेंब!

देवाच्या थोरवीला साधी भाषा शोभत नाही, असे आमचे काही धर्मबंधू म्हणतात. त्यांनी आमच्या जिल्ह्याकडे पाहावे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला. संस्कृत साहित्यशास्त्राने प्रसन्न, मधुर रीतीला विदर्भाचेच नाव दिले: वैदर्भी. लांबलचक समासांची ती गौडी. कालिदास वैदर्भीचा कवी मानला जातो. त्याला कोणी भाषेचा दरिद्री म्हणेल काय?

आपल्या घरातलाही दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. जुन्या कवींचे अवघड शब्द सामान्यांना कळत नाहीत, म्हणून ते टाळून आपण कवित्व सोपे केले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. परदेशातून आलेल्या धर्मगुरूला जे उमगले, ते मराठीच्या कुशीत जन्मलेल्या आम्हांला उमगू नये? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात विधी थोडक्यात, स्पष्ट आणि लोकांच्या आकलनात बसतील असे असावेत, हीच अपेक्षा ठेवली.

‘त्रैक्य’ यासारखे काही शब्द अटळ आहेत, हे आम्हांला मान्य आहे. ते समजावून द्यावेत. परंतु लग्न ‘लागते’ तिथे ‘पाणिग्रहणविधी संपन्न’ कशाला? ही श्रद्धा नव्हे, विद्वत्तेचे प्रदर्शन आहे; आणि त्याची किंमत भाविक मोजतात.

म्हणून, वाचकहो, आमचे प्रवचन कळले नाही तर गप्प बसू नका. त्या माउलीसारखे विचारा. तिच्या एका प्रश्नाने आम्हांला सेमिनरीत न मिळालेला धडा दिला.