राज्यशास्त्र शिकवायचे कशासाठी?

कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत राज्यशास्त्र विभागाचे पान उघडले की उद्दिष्टांची यादी सापडते. जबाबदार नागरिक घडविणे, लोकशाही मूल्ये रुजविणे, संविधानाविषयी आदर निर्माण करणे. आणि अगदी शेवटी, विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी सिद्ध करणे. विभागाचा संसार चालतो तो या शेवटच्या ओळीवर. वरच्या ओळींची आठवण होते ती मूल्यांकन समिती येणार असली म्हणजे.

स्पर्धा परीक्षेची टिंगल कोणी करू नये. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तलाठ्याची नोकरी मिळाली तर सारे घर कर्जातून वर येते. परंतु परीक्षेला बसणारे लाखो आणि निवडले जाणारे थोडे, हे विभागालाही ठाऊक असते. बाकीचे गावी परततात, कारखान्यात जातात, लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदतात. त्यांच्या पदरात विभागाने काय टाकले, हा प्रश्न माहितीपुस्तिकेत कोठेच येत नाही.

अलीकडचाच दाखला घ्यावा. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ साली संमत झाली. तिने आलेला अनुच्छेद २४३ यू सांगतो की, नगरपालिकेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नव्या निवडणुका पूर्ण झाल्या पाहिजेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पुणे, नाशिक, नागपूर यांचीही तीच गत झाली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद न्यायालयात अडकला होता, हे खरे. निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. या साऱ्या काळात राज्यभरच्या वर्गांतून ७४ वी घटनादुरुस्ती शिकविली जात होती आणि तिच्यावर टीपा लिहून गुण मिळविले जात होते. खिडकीबाहेरच्या शहरात एकही नगरसेवक उरला नव्हता. शहराचा हजारो कोटींचा अर्थसंकल्प एका अधिकाऱ्याच्या सहीने मंजूर होणे म्हणजे काय, यावर किती विभागांनी एक तास तरी खर्च केला असेल?

या मौनाचा दोष एकट्या अध्यापकाला देणे अन्यायाचे होईल. अनेक ठिकाणी संस्थेचा अध्यक्षच आमदार, नाही तर साखर कारखान्याचा चेअरमन असतो. अनुदानित जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरचा तरुण अध्यापक वर्ग सांभाळतो. मानधन महिनोन्महिने रखडते, पुढल्या वर्षी बोलावणे येईल याची शाश्वती नसते. स्वतःच्या हक्काविषयी ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याने मूलभूत हक्कांवर निर्भय व्याख्यान द्यावे, ही अपेक्षा क्रूर आहे. रिक्त जागा भरण्याची मागणी ही केवळ पगाराची मागणी नव्हे, ती या विषयाच्या जीविताचीच मागणी होय.

विभागाने राजकारणात पडू नये, असा आक्षेप लगेच घेतला जातो. विभाग कोणत्याही पक्षाची शाखा होता कामा नये, हे निर्विवाद. समाजवादी पक्षाचीही नव्हे. परंतु पक्षापासून दूर राहणे निराळे आणि सत्तेपासून नजर चुकविणे निराळे. ज्या ॲरिस्टॉटलला या विषयाचा जनक म्हणून पहिल्याच तासाला नमस्कार घडतो, त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या घटना गोळा करून अभ्यासल्या, अशी परंपरा आहे. आजच्या विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटलचे राज्यांचे वर्गीकरण मुखोद्गत असते. आपल्या गावची ग्रामसभा शेवटी केव्हा भरली आणि इतिवृत्तावरच्या सह्या कोणाच्या, हे त्याला ठाऊक नसते.

ते शोधून काढणे हाच खरा अभ्यासक्रम. पंचायतींत २०११ पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. सरपंचबाईंच्या गावी कागदावर सही बाईंची आणि निर्णय यजमानांचा, हे चित्र नेमके किती गावांत आहे व किती गावांत पालटले आहे, हे तृतीय वर्षाच्या पन्नास विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन नोंदविले, तर त्या तालुक्याविषयी मंत्रालयाजवळ नसेल इतके ज्ञान विभागाच्या कपाटात जमेल. तीन लाखांवरील शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असे घटना सांगते. त्या भरतात का, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली एका अर्जाने विचारता येते. तो अर्ज लिहिणे ही पाच गुणांच्या प्रश्नापेक्षा मोठी परीक्षा आहे.

आणि हे सारे बाहेर विचारण्याआधी एक प्रश्न महाविद्यालयाच्या आवारातही विचारावा लागेल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींची थेट निवडणूक बंद करून ते गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणूक कागदावर परत आणली. अठराव्या वर्षी जो लोकसभेसाठी मत देतो, त्याला वर्गप्रतिनिधी निवडण्याची संधी महाविद्यालयात कधी मिळाली, हे विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना विचारावे आणि जे उत्तर येईल ते प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावे.