शनिवारचा बंद घाणा आणि दशमांशाचा हिशेब

ज्यू धर्मशास्त्रातला दशमांश मुळात शेतमालावरचा, आणि तोही इस्राएलच्या भूमीपुरता. जमिनीच्या वाटणीत ज्यांना काहीच मिळाले नाही त्या लेवी वंशाकडे पहिला दशमांश जाई. दुसरा दशमांश सात वर्षांच्या चक्रातली चार वर्षे मालकाने यरुशलेमेत नेऊन खायचा; तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी मात्र तो गरिबांचा. सातव्या वर्षी जमीनच पडीक, म्हणून दशमांशही नाही. रोख कमाईतून दहावा हिस्सा काढण्याची चाल पुढची आहे.

या दानाविषयी एक मत फार रुळले आहे: दशमांश देणाऱ्याला देव दामदुपटीने परत देतो. त्याला आधार नाही असे नाही. देवाची परीक्षा पाहू नये हा एरवीचा दंडक. पण मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात या एका बाबतीत परीक्षा पाहण्याचे आव्हान खुद्द देवाकडूनच येते. तालमूद या ज्यू पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात याला जोडून एक शब्दकोटी आहे. हिब्रूत ‘दहा’ आणि ‘संपत्ती’ हे शब्द त्याच तीन अक्षरांनी लिहिता येतात. फरक एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागेचा, आणि तोराच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, गुंडाळीत टिंबे नसतातच. दहावा भाग दे, म्हणजे धनवान होशील, असा अर्थ त्यातून काढला गेला.

कोटी सुरेख आहे, पण तिच्यावर व्याजाचा हिशेब मांडता येत नाही. मलाखीचे आव्हान एकेका दात्याला नसून साऱ्या प्रजेला आहे. मंदिराचे कोठार रिकामे पडले होते आणि त्यावर जगणारे उपाशी होते. बदल्यात पाऊस मिळणार होता, आणि पाऊस शेताच्या बांधावर थांबत नाही. देणाऱ्याच्या रानात पडतो तसा न देणाऱ्याच्याही. दुसरी अडचण कायद्याची. उशा गावी जमलेल्या पंडितांनी दानाला वरची मर्यादा घातली: मिळकतीच्या एक पंचमांशाहून अधिक देऊ नये, नाहीतर देणाऱ्यावरच हात पसरायची पाळी येईल. परतावा पक्का असता तर असली मर्यादा कुणी कशाला घातली असती?

मुंबई-पुण्यात या मताच्या बाजूने हमखास डेव्हिड ससून यांचे नाव निघते. बगदादहून परागंदा होऊन ते 1832 मध्ये मुंबईत आले. त्यांच्या पेढीत व्यवहारामागे पाव टक्का धर्मादाय म्हणून बाजूला पडे; पुण्याचे लाल देऊळ आणि ससून रुग्णालय ही त्यांच्याच दातृत्वाची खूण. पण ती संपत्ती अफू, कापूस आणि सूत यांच्या व्यापारातून आली होती. धर्मादायाचे फळ म्हणून ती मोजायची, तर चीनला गेलेल्या अफूच्या पेट्यांत देवालाही भागीदार धरावे लागेल. ससून यांचे दान मोठे होते. त्याला असली साक्ष द्यायला लावणे हा त्या दानावरच अन्याय.

याउलट, दैवी योजना वगैरे काही नाही, उरते फक्त माणसाची दया, हे मतही तोकडे आहे. तालमूदमध्ये एक रोमन अधिकारी रब्बी अकिवांना विचारतो, तुमच्या देवाला गरीब प्रिय असतील तर तो त्यांना पोसत का नाही? उत्तराचा रोख असा की, ते काम देवाने माणसासाठी राखून ठेवले आहे. देवाची तरतूद दुसऱ्याच्या हातून पोचते, आणि दशमांश हा त्या पोचवण्याचा नियम. दहावा भाग दात्याचा कधी नव्हताच. तो त्याच्याकडे ठेव म्हणून असतो.

परताव्याविनाही देणे टिकते, याचा पुरावा कोकणात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, असे बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते. हिब्रू विसरली, बरेचसे विधी विसरले, पण शनिवारी तेलाचा घाणा बंद. बैल गोठ्यात, लाट उभी, तेल मागायला आलेले गिऱ्हाईक रिकाम्या भांड्याने परत. ‘शनिवार तेली’ हे नाव त्यातून पडले. सातातला एक दिवस सोडणे म्हणजे दशमांशाहूनही मोठा त्याग, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या करूनही हे तेली काही सावकार झाले नाहीत. तरी शनिवार पाळायचे त्यांनी सोडले नाही.

त्यांच्या नवसाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. इच्छा फळाला आली की घरी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, भोवती फळे. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचे नाव घेऊन तो जमलेल्या सगळ्यांना वाटतात. महाशिवरात्रीच्या सुमारास सातपुड्यातल्या देवमोगऱ्याच्या यात्रेला जाणारे आदिवासी देवीसाठी टोपलीतून नवे धान्य नेतात, त्यातही हाच क्रम आहे. पीक आधी घरात येते, टोपली मागाहून भरते.

मुंबईतल्या एका प्रार्थनामंदिरामागेही नवसाचा हाच क्रम आहे. सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले बेने इस्राएल अधिकारी. ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असे त्यांनी बोलून ठेवल्याचे सांगतात. 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, उभे राहिले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत, म्हणून लोकांच्या तोंडी ती जुनी मशीद. शेजारचे मशीद बंदर स्टेशन तिच्याच नावाने ओळखले जाते, असे हा समाज मानतो.