सही करण्यापूर्वी एक प्रश्न

बारसे उरकून चार दिवस झाले नाहीत तोच माझ्या भाचीच्या बाळाला झटके येऊ लागले. विषाणूमुळे मेंदूला सूज आली असावी, अशी डॉक्टरांना शंका होती. एमआरआय ठरला. संमतिपत्रात एक ओळ होती : गरज पडल्यास शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊ. भाचीने विचारले, ‘‘मामा, सही करू ना?’’ मला उत्तर देता आले नाही.

हे कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम धातूचे संयुग. सुटा धातू विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूत जखडून देतात. मग तो लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची कातडी दगडासारखी कडक करणाऱ्या व्याधीशी त्याचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांना तो वारंवार घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा दिसल्या. त्यामुळे इजा होते, हे सिद्ध झालेले नाही. तरीही २०१७ मध्ये युरोपने धातूला सैल धरणारी काही ‘लिनिअर’ द्रव्ये थांबवली. पिंजऱ्यासारखी घट्ट धरणारी ‘मॅक्रोसायक्लिक’ द्रव्ये चालू राहिली.

नवजात बाळाची मूत्रपिंडे अजून कच्ची असतात. द्रव्य अंगात अधिक काळ रेंगाळते. म्हणून ते कधीच देऊ नये काय? तसेही नाही. मेंदूत गळू झाल्याचा संशय असेल, तर त्याचा मोठा उपयोग होतो. पण हर्पिससारख्या विषाणूने झालेली इजा ‘डिफ्यूजन’ चित्रात सुईशिवायही लवकर दिसते. विषाणूची ओळख पटते ती पाठीच्या पाण्याच्या पीसीआर तपासणीने. आणि असायक्लोव्हिर हे औषध नुसत्या संशयावरही सुरू करायचे असते. चित्राची वाट पाहण्यात गेलेला वेळ बाळाला कॉन्ट्रास्टहून महाग पडू शकतो.

तेव्हा ‘हे सुरक्षित आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘याने उपचार बदलणार आहे का?’ हा खरा प्रश्न. उत्तर होकारार्थी असेल, तर कोणत्या जातीचे द्रव्य, हेही विचारावे आणि निर्धास्तपणे सही करावी.

भाचीने तो प्रश्न विचारला. औषध आधीच सुरू झाले होते. डॉक्टरांनी आधी साधी चित्रे काढली, तेवढ्यावरच भागले. बाळ आता दूध पिते आहे. मात्र हा प्रश्न आईबापांना सुचावा लागू नये. संमतिपत्रातच तो मराठीत, उत्तरासकट, छापलेला असावा.