आधी कोणती दुरुस्ती?



सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की कुंभारी हे गाव लागते. समजा, कुंभारीच्या शाळेतील दहावीच्या वर्गापुढे एक कागद ठेवला आणि सांगितले, "तालुक्यातील पाण्याची ही पाच कामे आहेत. पैसे मात्र दोनच कामांपुरते आहेत. कोणती दोन आधी करायची, ते तुम्ही ठरवा." ही यादी काल्पनिक आहे, पण तिच्यातील एकही काम जगावेगळे नाही.

१) नदीवरील बंधारा गळतो. शेतकऱ्यांच्या तक्रारी मोठ्या आहेत.
२) कालव्याचे अस्तर उखडले आहे.
३) धरणाच्या एका दरवाजाची साखळी गंजली आहे.
४) एका जुन्या तलावाच्या मातीच्या बांधाला खालच्या बाजूने ओल आली आहे. बांधाखाली पंधरा घरांची वस्ती आहे. तक्रार एकच आली आहे.
५) एका गावाला नवा बंधारा हवा आहे.

पुढे वाचण्यापूर्वी तुमची दोन कामे वहीत लिहून ठेवा. मग एकेक काम तपासू.

पहिले काम बंधाऱ्याचे. दक्षिण सोलापूर तालुक्यातून सीना व भीमा या नद्या वाहतात आणि हत्तरसंग-कुडल येथे एकमेकींना मिळतात. या नद्यांवर तुम्ही कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाहिले असतील. नदीच्या पात्रात ओळीने खांब असतात. खांबांना उभ्या खाचा असतात आणि त्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात. या फळ्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्यात बर्गे काढून ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी व गाळ मोकळा निघून जातो. पूर ओसरला की ते बसवायचे आणि मागाहून येणारे पाणी अडवायचे. रचना साधी, स्वस्त आणि हुशारीची. मात्र ती दरवर्षी माणसाचा हात मागते. बर्गा वाकला, रबराची पट्टी झिजली किंवा खाचेत दगड अडकला, की गळती सुरू झालीच.

ही गळती केवढी असते? पाण्याच्या पृष्ठभागापासून ३ मीटर खोलीवर फक्त ५ मिलिमीटर रुंद आणि १ मीटर लांब अशी फट आहे असे धरा. पाण्याचा वेग २ × गुरुत्वत्वरण × खोली याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर. फटीचे क्षेत्रफळ ०.००५ चौरस मीटर. फटीतून बाहेर पडताना पाण्याची धार आकसते, म्हणून गुणाकाराला आणखी ०.६ ने गुणायचे. उत्तर येते सेकंदाला सुमारे २३ लिटर. दिवसाचे झाले जवळजवळ २० लाख लिटर! जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी ३६ हजार माणसांना पुरेल. आणि फट केवढी? पेन्सिलीपेक्षाही अरुंद.

तेव्हा शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गळालेले पाणी नदीतच राहते. खालच्या बंधाऱ्याचे बर्गे धड असतील तर त्यातील बरेचसे तिथे अडते. या बंधाऱ्यातून नुकसान होते, पण ते रोज थोडे थोडे होते आणि भरून काढता येते.

आता चौथे काम पाहू. सोलापूरजवळ आदिला नदीवरचा एकरुख तलाव, म्हणजेच हिप्परग्याचा तलाव, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचा बांध मातीचा आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात, १८७१ च्या सुमारास पूर्ण झाला. मातीचे धरण दीडशे वर्षे टिकू शकते, याचा हा पुरावा सोलापूरकरांच्या दारातच आहे. उलट चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण वीसएक वर्षांचेच होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे प्राणाला मुकली. धरण गळते आहे, असे गावकरी आधीपासून सांगत होते.

मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच. तो गोळा करून बाहेर काढण्याची सोय बांधातच केलेली असते. पाझर स्वच्छ असेल तर सहसा चिंता नको, पण त्याच्यावर नजर हवी. तो गढूळ झाला तर मात्र समजा, की पाणी बांधाच्या पोटातील माती घेऊन निघाले आहे. माती गेली की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाणी वाढते, आणि वाढलेले पाणी आणखी माती नेते. हे चक्र एकदा वेगाने फिरू लागले, की काही तासांत बांधाला भगदाड पडू शकते. म्हणूनच बांधावरची बाभूळ लहान असतानाच काढायची असते. मोठ्या झाडाची मुळे कुजली की बांधात पोकळ नळ्या राहतात. उंदीर, घुशी व खेकडे यांची बिळेही बुजवावी लागतात. तिवरे धरण खेकड्यांनी पोखरले असावे, असे त्यावेळी बोलले गेले आणि लोक हसले. पण मुद्दा वेगळाच आहे. बिळे पाडणे हा खेकड्याचा स्वभाव आहे. ती शोधून बुजवणे हे माणसाचे काम आहे.

तिसऱ्या कामासाठी थोडे दक्षिणेला जाऊ. भीमेप्रमाणेच तुंगभद्राही कृष्णेला मिळते. कर्नाटकातील तुंगभद्रा धरणाला ३३ दरवाजे आहेत. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि अख्खा दरवाजा वाहून गेला. धरण त्यावेळी तुडुंब भरलेले होते. दाब कमी करण्यासाठी इतर दरवाजेही उघडावे लागले आणि शेतीसाठी साठवलेले पाणी नदीत सोडून द्यावे लागले. काही दिवसांनी, वाहत्या पाण्यातच, अभियंत्यांनी पोलादी फळ्या उतरवून ती जागा बंद केली. त्यांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण साखळी वेळेवर बदलली असती, तर कौतुकाचा प्रसंगच आला नसता, आणि पाणी धरणात राहिले असते. आपल्या उजनीला असे ४१ दरवाजे आहेत. एकेकाची साखळी किंवा दोर, मोटर, रबर आणि रंग यांचा विचार करा, म्हणजे 'देखभाल' या शब्दाचे वजन कळेल.

आता निवड कशी करायची? अभियंते दोन प्रश्न विचारतात. हे बिघडण्याचा संभव किती? आणि बिघडले तर हानी किती? या दोहोंच्या गुणाकारावरून क्रम लागतो. धरणांच्या पाहणीतही दोषांचे तीन वर्ग करतात. धरण फुटू शकेल असे दोष पहिल्या वर्गात, लवकर दुरुस्त करावेत असे मोठे दोष दुसऱ्यात आणि किरकोळ दोष तिसऱ्यात.

ही रीत चांगली आहे, पण तिच्यात एक पळवाट आहे. मोठ्या धरणाखाली लाखो माणसे असतात, लहान तलावाखाली पंधरा घरे. नुसता गुणाकार केला तर पंधरा घरांचा क्रम नेहमी शेवटीच लागेल. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी व नंतर पाहणी सक्तीची केली, हे चांगले झाले. पण तो कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. गावतळी आणि बहुतेक बंधारे त्याबाहेरच राहतात. म्हणून माझे मत असे, की गुणाकाराच्या आधी एक नियम असावा. जिथे माणसाच्या जिवाला धोका आहे ते काम पहिले, मग घरे पंधरा असोत की पंधरा हजार. त्यानंतर पिण्याचे पाणी, मग शेतीचे पाणी, आणि सर्वांत शेवटी नवे बांधकाम. तक्रारीच्या आवाजावरून क्रम लावू नये. ज्याला ओल आली आहे तो बांध बोलत नाही.

यावर कोणी म्हणेल, "नव्या गावाने तहानलेलेच राहायचे का?" प्रश्न रास्त आहे. पण महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत, देशात सर्वांत जास्त. बांधलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या दिवसापासून झिजू लागते. जुने सांभाळण्याची तरतूद न करता नवे बांधणे म्हणजे उद्याच्या दुरुस्तीचे कर्ज आजच काढणे होय. नव्या कामाचा नारळ फोडायला गर्दी होते, बदललेल्या रबरासाठी कोणी हार आणत नाही. म्हणून दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरतील त्यातून नवे काम घ्यावे.

दुरुस्तीला हंगामही असतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वरच्या भागात मालवाहू बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी दरवाजांचे प्रचंड हौद बांधलेले आहेत, त्यांतले बरेच १९३० ते १९४० या दशकातले. एक दरवाजा अडला तर बोटींची रांग लागते. म्हणून तिथे मोठी दुरुस्ती हिवाळ्यात, नदी गोठून वाहतूक थांबली की करतात. आपल्याकडे ती संधी उन्हाळ्यात मिळते, पात्र कोरडे असते तेव्हा. मे महिना हातचा गेला तर जूनमध्ये पैसे मंजूर होऊन उपयोग नाही.

आता तुमच्या वहीतील उत्तर पाहा. मी चौथे व तिसरे काम निवडीन. बंधाऱ्याची रबरी पट्टी स्वस्त आहे. तिच्यासाठी गावाने वर्गणी काढली तरी काम भागेल. तुमचे उत्तर वेगळे असेल तर कारण लिहा आणि वर्गात वाद घाला.

शिक्षकांना एक विनंती. दिवाळीच्या सुटीनंतर मुलांना घेऊन जवळच्या तलावावर जा. पाण्यात उतरू नका, बांधाच्या पायथ्याशी सुरक्षित अंतरावरून पाहा. झाडे, बिळे, ओल आणि खचलेली जागा यांची तारखेनिशी नोंद ठेवा. पाझराचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. ते गढूळ दिसले तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि पाटबंधारे कार्यालयाला लेखी कळवा. पुढच्या वर्षी पुढच्या वर्गाने तीच वही पुढे चालवावी. आपल्या यादीतील चौथ्या कामाची तक्रार एकच होती. ती दुसरी तक्रार तुमची असू द्या.