माहिती देणाऱ्याला पावती कधी मिळणार?

वारणानगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काट्यावर वजनाची पावती मिळते. वजन कमी दिसले तर तो भांडतो, कारण माल त्याचा आहे. पण त्याच्या ओसरीवर किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या घरात बसून जो प्रश्नावली भरून नेतो, तो कसली पावती देतो? पुढे त्याचा प्रबंध होतो, पदवी आणि बढती मिळते. सांगणाऱ्याला आपल्या सांगण्याचे काय झाले, हेही कळत नाही.

चर्चासत्रांत हल्ली 'ज्ञानाचे निर्वसाहतीकरण' हा शब्द जोरात आहे. एडवर्ड सैद यांचे नाव घ्यायचे, निबंध वाचायचा, प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ सालच्या पुस्तकात संशोधनाच्या मालकीचा आणि लाभाचा प्रश्न रोखठोक मांडला. तो प्रश्न मात्र आपल्या चर्चासत्रांत कोणी स्वतःला विचारत नाही.

वारणेचेच पाहा. १९९८ मध्ये इथल्या सुमारे ७० गावांसाठी सरकारी पुढाकाराने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. बाजारभाव, शेतीसल्ला, दाखले, सगळे गावातल्या संगणकावर मिळणार होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांना दिसले की लोक तो संगणक मुख्यतः उसाच्या कामासाठी वापरतात. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसचा प्रयोग केला. काम उपयोगी होते, हे मान्य. पण आपल्याला उसाचा हिशेब वेळेवर हवा आहे, हे शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक होते. त्याचे ठाऊक असणे 'ज्ञान' ठरले ते इंग्रजी निबंधात छापून आल्यावर!

आम्हा मुसलमानांचा अनुभव याहून जुना आहे. इंग्रजांच्या गॅझेटियरांत आमच्या जमातींचे स्वभाव एकेका ओळीत उरकले: ही कष्टाळू, ती आळशी, तिसरी व्यसनी. आजची प्रश्नावली तलाक, बुरखा, मदरसा यांपलीकडे क्वचितच जाते. गादी कारखान्यात तयार होऊ लागल्यावर पिंजाऱ्याने पोट कसे भरले? बागवानाला बँक कर्ज देते का? हे कोण विचारतो? २००६ च्या सच्चर अहवालाने शाळा, नोकरी, बँक यांचे प्रश्न विचारले, म्हणून तो आजही हक्क मागताना हाती धरता येतो. लोक तेच होते, प्रश्न बदलले.

म्हणून मुसलमानांवर फक्त मुसलमानांनीच लिहावे, असे मी म्हणत नाही. शाहू महाराज मुसलमान नव्हते. तरी १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. नुसते निरीक्षण करणारा आणि सोबत उभा राहणारा, यांत हाच फरक आहे. आणि आमचा शिकलेला मुलगाही मोहल्ल्याकडे 'नमुना' म्हणून पाहू लागला, तर तोही गॅझेटियरवाल्या साहेबाचाच वारस.

सहकाराच्या या मुलखात संशोधनही सहकाराने व्हावे. प्रश्न लोकांबरोबर बसून ठरवावेत. 'नाही' म्हणणाऱ्याचा मान राखावा. घरोघर फिरवणाऱ्या, भाषा समजावून देणाऱ्या स्थानिक पोराला आभाराच्या ओळीत न टाकता सहलेखक करावे. छापण्याआधी मसुदा मराठीत त्याच वस्तीत वाचून दाखवावा आणि लोकांचे आक्षेप नोंदवावेत. प्रबंधावर सही करण्यापूर्वी मार्गदर्शकाने एवढेच विचारावे: हे ज्यांच्याबद्दल लिहिले, त्यांना तू कधी वाचून दाखवलेस? उत्तर नसेल, तर सही करू नये.